पडद्याआडून

"लागला का गं पडदा?" नानांनी आतल्या खोलीतून विचारलं.

पडदा लागला नव्हता. त्रेचाळीस इंची टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी आडवी रेघ लुकलुकत होती, बाकी सगळा काळोख. जानेवारीचा पहिला आठवडा, रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या वस्तीतल्या आमच्या जुन्या घराची दगडी फरशी या दिवसांत दोन मोजे चढवले तरी तळव्यांना चावते. मी अंगावर रजाई ओढून, मांडीवर कीबोर्ड घेऊन त्या रेघेकडे बघत बसले होते. शेजारी गजकाचा, म्हणजे तीळ-गुळाच्या मिठाईचा पुडा, तोही संपत आलेला.

"लागतोय, नाना. तुम्ही झोपा."

"झोपलोच आहे. झोपेतच विचारतोय."

नाना त्र्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं गाणं शिकवलं. मोतीबिंदू केव्हाच काढून झाला, पण आता डोळ्याचा मागचा पडदा मधोमध झिजलाय. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं, आजूबाजूचं मात्र दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, वाचायचं ते खूप मोठं करून, भरपूर उजेडात वाचा. आणि नानांना वाचायचं काय, तर स्वतःच्याच अकरा वह्या. गुरूंकडे बसून उतरवलेल्या बंदिशी, निळ्या-काळ्या शाईत, भातखंड्यांच्या स्वरलिपीत. मी त्या सगळ्या दिवाळीच्या सुट्टीत स्कॅन केल्या. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सुट्ट्या ही माझी एकमेव श्रीमंती.

ज्यांनी ही लिपी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्या स्वरावर टिंब, आणि एका मात्रेत मावणारे स्वर खालून चंद्रकोरीने बांधलेले. म्हणजे सगळा कारभार टिंबांवर आणि रेघांवर. एक टिंब पुसलं गेलं की गाणारा आख्खं सप्तक चुकला.

घरचा कॉम्प्युटर २०१२ सालचा, पाठीला फक्त व्हीजीएचं निळं सॉकेट. टीव्हीला एचडीएमआय. मधे तीनशे रुपयांचा कन्व्हर्टर लावून पाहिला तर चित्र आलं, पण साय धरलेल्या दुधासारखं. टिंबं विरघळली, कोमल निषादाखालची रेघ चंद्रकोरीत मिसळली. नाना खुर्ची पुढे ओढत, मान तिरकी करत म्हणाले, "हा नी कोमल आहे की शुद्ध?" वही त्यांची, अक्षर त्यांचं, आणि विचारत होते मला, जिला भूप आणि देसकार हे राग वेगळे ओळखता येत नाहीत. तेव्हा ठरवलं, ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा सुटा भाग, आणायचं.

जयेंद्रगंजातल्या दुकानात मी म्हटलं, स्वस्तातलं, एचडीएमआय असलेलं, जुन्या केबिनेटात मावेल असं. त्याने जीटी ७३० काढलं. एकाच नावाचे दोन डबे होते. "मैडम, ये लीजिए, एक सौ अट्ठाईस बिट है। चौंसठ वाला मत लीजिए, उसमें दम नहीं।" गणिताच्या बाईला १२८ हे ६४ पेक्षा मोठं असतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी १२८ घेतलं. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी मी वापरते त्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालेल का, असं विचारल्यावर त्याने जरा थांबून फार प्रेमाने सुचवलं की भाईसाहेबांना पाठवून द्या, त्यांना सगळं समजावून सांगतो. आमच्या घरात भाईसाहेब नावाचा कुणी नाही. मी कार्ड पिशवीत घातलं, बाड्याच्या बाजारातून गजक घेतला आणि घरी आले.

लिनक्स माझ्याकडे आलं ते २००८ साली, पोस्टाने. तेव्हा उबुंटू नावाची लिनक्सची आवृत्ती काढणारे मागेल त्याला घरपोच सीडी पाठवत, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा नाना पायरीवर बसले होते. "फुकट देतो तो पुढे मागतो," म्हणाले. सतरा वर्षं झाली, अजून कुणी काही मागितलेलं नाही. सीडी पाठवणं मात्र २०११ मध्ये बंद झालं. या कॉम्प्युटरवर आता मिंट नावाची आवृत्ती आहे, नाना त्याला पुदिना म्हणतात.

कार्ड बसवणं पाच मिनिटांचं काम. केबिनेट उघडलं, बारा वर्षांची धूळ जुन्या रंगाच्या ब्रशने झाडली, लांब खाचेत कार्ड दाबलं, कट्ट आवाज आला. वेगळी वीज द्यायला लागत नाही. सुरू केलं आणि चित्र आलंसुद्धा, १९२० बाय १०८०, सुईच्या टोकासारखं स्पष्ट. कडा थोड्या कापल्या जात होत्या, समेची खूण पानाबाहेर चालली होती. तो टीव्हीचा चावटपणा, त्याच्याच सेटिंगमध्ये एक बटण दाबून गेला. नानांनी पहिलं पान पाहिलं आणि काही बोलले नाहीत. फक्त मान सरळ केली.

हे सुख अर्धा तास टिकलं. पाचवं की सहावं पान सरकवताना चित्र गोठलं. माउस गोठला, घड्याळ गोठलं. बंद करून परत लावलं, पुन्हा दहा मिनिटांत तेच.

इथून पुढे जे झालं त्यात चूक पूर्णपणे माझी, आणि ती हुशारीतून झालेली. चित्र येत होतं ते 'नूवो' नावाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्डाला कामं सांगणाऱ्या प्रोग्रामवर. तो लिनक्सबरोबरच येतो, खुला आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने तो लिहिलेला नाही. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा, बंद पेटीतला. मला वाटलं, परक्याने केलेलं काम असंच अडखळणार, घरचं आणू. मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला तर त्यात नूवोखेरीज दुसरं नावच नाही. म्हटलं, याला कळत नाही. जीटी ७३० ला ४७० क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो हे मी वाचलेलं होतं. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून हाताने ४७० घातला, मशीन रीस्टार्ट केलं, आणि ती पांढरी रेघ.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की चित्राशिवायची, नुसत्या अक्षरांची खिडकी मिळते. लिनक्सचा हा गुण मला फार आवडतो. दिवाणखाना पडला तरी स्वयंपाकघर चालू असतं. तिथे कर्नलची नोंदवही उघडली. लष्कर नावाच्या वस्तीत कर्नल म्हटलं की लोक सॅल्यूटला उभे राहतील, पण हा कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रत्येक घटना तो लिहून ठेवतो, कारकुनासारखा, रागलोभ न धरता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या मशीनमधलं कार्ड ३९० मालिकेच्या जुन्या ड्रायव्हरवर चालतं, ४७० त्याच्याकडे दुर्लक्ष करील. आणि ४७० ने आत येताना नूवोला काळ्या यादीत टाकून दाराबाहेर काढलेलं. म्हणजे आलेला पाहुणा बोलायला तयार नाही आणि घरातला माणूस रस्त्यावर.

मग एलएसपीसीआय चालवलं. ते कार्डाचं खरं नाव सांगतं, डब्यावरचं नव्हे. जीएफ१०८.

गंमत अशी आहे की २०१४ मध्ये जीटी ७३० या एकाच नावाने दोन वेगळ्या घराण्यांच्या चिपा बाजारात आल्या. एक केप्लर घराण्यातली, ३८४ गाभ्यांची, ६४ बिटांची. दुसरी, म्हणजे माझी जीएफ१०८, तिच्याआधीच्या फर्मी घराण्यातली, ९६ गाभ्यांची, १२८ बिटांची. बिट म्हणजे इथे मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी. दुकानदाराने ज्याला दम म्हटलं तो म्हातारपणाचा दाखला होता. १२८ खरंच ६४ पेक्षा मोठे असतात, फक्त मी मोजत होते भलतंच. आणि ड्रायव्हर मॅनेजरला सगळं कळत होतं. त्याने चिप वाचली होती, मी डबा वाचला होता.

एवढ्यात काठी टेकत नाना बाहेर आले. झोपेतलं विचारणं संपलं होतं. खुर्चीत बसले, रजाईचं एक टोक ओढून घेतलं आणि म्हणाले, "मला समजेल असं सांग. कोण कुणाशी बोलत नाहीये?"

मी सांगत गेले. कार्ड म्हणजे एक गवई समजा. त्याला काय गायचं ते ड्रायव्हर सांगतो. पण या गवयाला कुठल्या शब्दांत सांगायचं हे फक्त कंपनीला माहीत होतं, आणि कंपनी ते कुणाला सांगत नव्हती. सुरुवातीच्या काळात तिने लिनक्ससाठी एक खुला ड्रायव्हर दिला होता, एनव्ही नावाचा. पण तो नुसता सपाट चित्रांपुरता, आणि त्यातले आकडे मुद्दाम असे लिहिलेले की वाचून कुणाला अर्थ लागू नये.

"म्हणजे बंदिश द्यायची, पण अस्ताईपुरती," नाना म्हणाले. "तीही बोल चुकवून."

अगदी तसंच. मग काही लोकांनी ठरवलं, सांगत नाहीत ना, आपण ऐकू. त्यांनी छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. कंपनीच्या ड्रायव्हरला एक त्रिकोण काढायला लावायचा, मग त्यातली एकच गोष्ट बदलून पुन्हा काढायला लावायचा, आणि कार्डाकडे गेलेल्या आज्ञांत काय बदललं ते टिपायचं. जगभरच्या लोकांनी आपापल्या कार्डांची अशी टिपणं पाठवली. पुढे २००८ मध्ये कर्नलमध्येच एक युक्ती आली, एमएमआयओट्रेस. कार्डाशी बोलायचं म्हणजे ड्रायव्हर मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यांवर आकडे लिहितो. या युक्तीने ते पत्ते 'गैरहजर' दाखवायचे. ड्रायव्हर लिहायला गेला की अडखळतो, अडखळला की कर्नलला वर्दी जाते, कर्नल काय लिहायचं होतं ते टिपून घेतो आणि मग लिहू देतो. बंद ड्रायव्हरला पत्ताच लागत नाही की कुणी ऐकतंय. या टिपणांवरून नूवो उभा राहिला, आणि २०१० मध्ये कर्नलमध्ये घेतला गेला. नावाची कथाही अशीच. मूळ लेखक गप्पा मारताना एनव्ही असं टाइप करी आणि त्याचा फ्रेंच शब्द सुचवणारा प्रोग्राम त्याचं नूवो करून टाकी. नूवो म्हणजे नवा.

नाना हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"अगं, हे तर हद्दू-हस्सू!"

ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट माहीत असते, आणि प्रत्येक घरात ती वेगळी असते. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ होते. त्यांची तान ऐकावी अशी, पण शिकवणार कुणाला नाहीत. घराण्याघराण्यांचं वैर. मग म्हणे महाराजांनी हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या दोघा भावांना, मोहम्मद खाँ गात असत तिथे पडद्याआड बसवलं. नानांच्या कथेत कधी सहा महिने, कधी वर्ष. माझ्या लहानपणी एकदा पडद्याऐवजी सिंहासनाखाली बसवलं होतं. पोरं रोज ऐकत, रोज घोटत. एके दिवशी दरबारात दोघं गायला बसले आणि मोहम्मद खाँसाहेबांची तान त्यांच्याच देखत घेतली. खाँसाहेब संतापून ग्वाल्हेर सोडून गेले. खरं-खोटं कोण जाणे. पण आज ज्याला ग्वाल्हेर घराणं म्हणतात आणि जे पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्यांनी महाराष्ट्रात नेलं, त्याच्या उगमाशी ही चोरून ऐकण्याची गोष्ट बसलेली आहे, आणि आमच्याकडे ती कुणी खाली मान घालून सांगत नाही.

"पण एक सांगतो," नाना म्हणाले, "चोरून ऐकलेल्या तानेत एक खोट राहते. सूर कळतात. दम कुठे घ्यायचा ते कळत नाही. तो शेजारी बसून, गुरूच्या बरगड्या हलताना बघूनच कळतो."

ते उठून गेले, आणि मी उगाच बराच वेळ त्या वाक्यापाशी बसले. कारण नूवोची खोट नेमकी हीच आहे. कार्ड जागं होतं तेव्हा अगदी मंद लयीत असतं. काम वाढलं की त्याची लय वाढवावी लागते, विजेचा दाब आणि मेमरीचा ठेका त्याबरोबर जुळवावा लागतो, आणि त्याचं गणित सूर टिपण्याहून कितीतरी अवघड. केप्लरवर ते हाताने जमवता येतं. माझ्या फर्मीवर नाही. आणि २०१४ नंतरच्या कार्डांवर तर कंपनीने सही केलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतच चालणारा प्रोग्राम, असल्याशिवाय लयीला हातच लावता येईना. कार्ड जितकं नवं तितका पडदा जाड. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्तो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर या कंपनीला मधलं बोट दाखवलं, ते या सगळ्याच्या वैतागातून. मुलांना शिकवणारी बाई म्हणून मी त्याचं समर्थन करू शकत नाही. त्या रात्री एक वाजता मात्र करत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ३९० च्या मागे लागले. तो मिंटच्या भांडारात उरलेला नव्हता. कंपनीकडचा शेवटचा उतरवला, चालवला. माझ्या कर्नलचा आकडा ६.८. ३९० चा आधार कंपनीने २०२२ च्या अखेरीस काढून घेतलेला. तो स्वतःला या कर्नलवर जुळवून घ्यायला लागला आणि चुकांची रांग लागली. हे फंक्शन आता इथे नाही, त्या रचनेतलं ते खातं आता वेगळ्या नावाचं आहे.

लिनक्सच्या आतल्या भिंती सारख्या हलत असतात. बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द कर्नल लिहिणारे लोक मोडत नाहीत, पण आत कुठली वस्तू कुठे ठेवायची याचं वचन त्यांनी कुणालाही दिलेलं नाही. जो ड्रायव्हर कर्नलच्या घरात राहतो त्याचं सामान, भिंत हलवणाराच उचलून नव्या जागी लावतो. तसा रिवाजच आहे. म्हणून पडद्याआडून शिकलेला नूवो २०१० पासून प्रत्येक नव्या कर्नलबरोबर आपोआप पुढे येत राहिला, आणि कंपनीचा ३९०, ज्याला माझ्या कार्डाची प्रत्येक नस माहीत होती, दाराबाहेर उभ्याउभ्या म्हातारा झाला. काही भल्या माणसांनी त्याला ठिगळं शिवली आहेत, मी ती पाहिली. पण प्रत्येक नव्या कर्नलला नवं ठिगळ. माझ्यानंतर ते शिवणार कोण, आणि मी मामाकडे लग्नाला गेलेली असताना पुदिना अपडेट झाला तर नानांचा नी कोमल की शुद्ध हे कोण सांगणार?

कंपनीनेही २०२२ च्या मेमध्ये पडदा थोडा सरकवला. कर्नलमधला आपला भाग खुला केला, पण ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांपुरता, म्हणजे २०१८ पासूनच्या. बाकीचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर बंदच. माझं कार्ड त्या मैफलीच्या आमंत्रणात नव्हतं.

नानांना हे सांगितलं तर त्यांनी भातखंड्यांची आठवण काढली. या शहरात ती कशावरूनही निघते. गावोगाव फिरून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत छापून टाकल्या. कुणीही घ्या. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी इथे संगीत विद्यालय काढलं ते त्यांच्याच पद्धतीवर. नाना तिथेच शिकले. "आमच्या गुरूंना आवडायचं नाही," ते म्हणाले. "म्हणायचे, कागदावर गाणं मरतं. पण वही लिहू द्यायचे. डोळे मिटून घ्यायचे, आपण लिहिताना बघितलं नाही असं दाखवायला."

हे मला आजवर त्यांनी सांगितलं नव्हतं.

रात्री ४७० काढून टाकला, त्याने लिहिलेली काळी यादी पुसली, मशीन सुरू होताना लागणारी फाइल नव्याने बांधली. मशीन उठलं आणि नूवो निमूटपणे परत आला, जणू काही झालंच नव्हतं. गोठण्याचं कारण मग शांतपणे शोधलं. वह्या मी ब्राउझरमध्ये उघडत होते. ब्राउझर पान रंगवायला कार्डाला एकाच वेळी अनेक धाग्यांतून हुकूम सोडतो, आणि असे चारी बाजूंनी हुकूम आले की नूवो गोंधळतो ही त्याची जुनी कीर्ती. साध्या पीडीएफ वाचकात तीच वही उघडली. एक तास झाला, दोन झाले, काही गोठलं नाही. पहिल्या रात्रीच हे सुचलं असतं तर गजकाचा एक पुडा वाचला असता.

पान मात्र हळू येतं. बाण दाबला की क्षणभर काही होत नाही, मग वरून खाली उलगडत येतं.

"कार्ड विलंबितच गातं, नाना. द्रुत जमणार नाही त्याला."

"मला कुठे पळायचंय?"

काल संध्याकाळी चौथी वही चालू होती, यमनाची. एका पानावर नाना थांबले. मान नेहमीसारखी तिरकी, काठीचं टोक टीव्हीच्या काचेला टेकलेलं. "या धैवताखाली टिंब कुठून आलं? मी तर हा मधलाच गातो. साठ वर्षं."

मी मोठं केलं. टिंब होतं. कपाटातून मूळ वही काढली, पान दिव्याखाली धरलं. शाई की माशीचा डाग, नुसत्या डोळ्यांनी कळेना. नखाने हळूच खरवडलं. निघालं नाही.

"निघत नाही," मी म्हटलं.

नानांनी काठी बाजूला ठेवली, मांडीवर ठेका धरला आणि ओळ गायली, धैवत मधला घेऊन. मग तीच ओळ, खालचा घेऊन. खालचा घेताना आवाज चिरला. थांबले, श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून.

"पुढचं पान?" मी विचारलं.

"थांब गं जरा."